चालीचा मालक

सोलापुरात चाली बांधून जगणाऱ्या माणसांत गेली काही वर्षं एकच वाद वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. ज्यांनी कॅसेटच्या काळात काम केलं ते म्हणतात, पैसे हातावर घ्या आणि पुढच्या गाण्याला लागा. ज्यांच्या हाती लॅपटॉप, साउंड कार्ड आणि एक बरा माइक आला ते म्हणतात, गाणं आपलं ठेवा, आपल्या नावानं काढा. या दोन बाजू मी इथे एका मामाच्या आणि एका भाचीच्या तोंडी घातल्या आहेत. माणसं कल्पित आहेत, वाद खरा आहे. मामा ऑर्केस्ट्रात ऑर्गन वाजवत आले, देवस्थानांच्या आणि मंडळांच्या गाण्यांना चाली देत आले. भाची पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहते आणि शेजारचे माग थांबले की रात्री रेकॉर्डिंग करते. माझा कल भाचीकडे आहे, ते मी लपवणार नाही. पण मामांना उत्तर देणं सोपं नाही.

मामा: तुझं ते नवं गाणं ऐकलं. अंतऱ्यात जी जागा घेतलीस ती फार चांगली आहे. म्हणून तर म्हणतो, पुण्याला जा. इथं बसून कुणी संगीतकार झालंय का?

भाची: राम जोशी झाले की.

मामा: अगं, ते पेशवाईतले शाहीर. आणि त्यांनाही नाव मिळवायला गाव सोडून फिरावंच लागलं. पुढं राजकमलनं त्यांच्यावर १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ काढला, तेव्हा संगीत कुणाचं होतं? वसंत देसाईंचं. ते कोकणातले. ‘सैराट’ घे. दिग्दर्शक जेऊरचा, चित्रीकरण करमाळ्याचं, भाषा आपली. आणि त्याचा वाद्यवृंद वाजला लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत. सोलापूर जिल्हा गोष्ट देतो, माणसं देतो, गळे देतो. संगीतकार बाहेरून येतो. हे मला आवडतं म्हणून सांगत नाही. असंय ते.

भाची: पण ‘सैराट’चे संगीतकार अजय-अतुल कुठले? वडिलांच्या बदल्यांमुळं पुणे जिल्ह्यातल्या लहान लहान गावांत वाढले. घरात संगीत नव्हतं. हलगी, संबळ, ढोल हे त्यांच्या कानात गावातनं आलं. लॉस एंजेलिसच्या वादकांपुढं त्यांनी ठेवलं ते हेच ना?

मामा: कानात गावातनं आलं, काम शहरातनं आलं. तू दुसरा अर्धा भाग सोडून देतेस.

इथे मामांचा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. ते प्रतिभेबद्दल बोलत नाहीत, कामाच्या ओघाबद्दल बोलतात. मुंबईत एखाद्या स्टुडिओत दुपारी जाहिरातीचं काम असतं, संध्याकाळी मालिकेचं. वादकाला दुसरा वादक भेटतो, त्याच्याकडून तिसरं काम कळतं. सोलापुरात ही साखळी नाही. इथे काम येतं ते सणावारांच्या हिशेबानं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, त्यासाठी भक्तिगीतं. फेब्रुवारीत शिवजयंती. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, भीमगीतं. आषाढीला पंढरपूर. मग गणपती, लेझमाचे संघ, मंडळांची शीर्षकगीतं. कोजागरीला सोलापुरातून तुळजापूरकडे चालत निघणाऱ्या माणसांसाठी देवीची गाणी. मधल्या काळात शाळांची स्नेहसंमेलनं, महाविद्यालयांची समूहगीतं, चटणीच्या किंवा चादरीच्या दुकानाची जाहिरात. आणि निवडणूक आली की प्रचारगीतांचा पूर. एका आठवड्यात एकाच संगीतकाराकडून दोन विरोधी उमेदवारांची गाणी होतात, आणि दोघांनाही चाल उडती हवी असते.

या सगळ्यावर घर चालतं, ही गोष्ट बाहेर फारशी कुणाला माहीत नसते. संगीतकार म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे सिनेमा येतो. महाराष्ट्राच्या जिल्ह्याजिल्ह्यांत मात्र संगीतकार मंडळाच्या वर्गणीवर आणि देवस्थानाच्या अध्यक्षांच्या होकारावर जगतो.

मामा: आता या कामात तुझी ती मालकी कुठं बसते, सांग. मंडळाचा अध्यक्ष येतो, ठोक पैसे देतो, गाणं घेऊन जातो. त्याला तू म्हणणार, थांबा, हक्क माझ्याकडं राहतील? तो जिना उतरून शेजारच्या स्टुडिओत जाईल.

भाची: तो गाणं वाजवायला येतो मामा, हक्क विकत घ्यायला येत नाही. हक्क काय असतो हे त्यालाही ठाऊक नाही. त्याला मिरवणुकीत वाजवायचंय, त्याच्या व्हिडिओला लावायचंय, अध्यक्षांचं नाव गाण्यात यायला पाहिजे. ते सगळं मी देते. फक्त उद्या मुंबईच्या एखाद्या कंपनीनं तीच चाल उचलून दुसरे शब्द घातले, तर विचारायला माझ्याकडं आली पाहिजे, एवढंच.

मामा: आणि उचलली तर? कोर्टात जाणार तू?

भाची: तुमच्या वेळी कोर्टात जाऊनही उपयोग नव्हता. आता आहे.

भाचीचं हे वाक्य कायद्याच्या इतिहासाला धरून आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘संगीतकृती’ची जी व्याख्या होती, तिच्यात ती कृती छापलेली, लिहिलेली किंवा अन्य रीतीनं चिन्हांत उतरवलेली असणं अपेक्षित होतं. आपल्याकडे चाल बांधणारा माणूस पेटी पुढ्यात घेऊन गायकाला ती गळ्यातून गळ्यात देतो. कागदावर शब्द असतात, फार तर सूर कुठे चढवायचा याच्या चार खुणा. म्हणजे ज्या देशात बहुतेक संगीत कागदाशिवाय जन्मतं, तिथल्या कायद्याला कागदाशिवाय संगीत दिसत नव्हतं. १९९४ च्या दुरुस्तीनं हे बदललं आणि स्वरलिपी असो वा नसो, संगीताला संगीत म्हणून मान्यता मिळाली.

दुसरा घाव सिनेमाच्या बाजूनं होता. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेच्या खटल्यात निकाल दिला की निर्मात्यानं मोबदला देऊन सिनेमासाठी गाणं करवून घेतलं, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्याचा पहिला मालक निर्माता. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याच निकालाला स्वतंत्र टिपण जोडून गायकांच्या आणि कलावंतांच्या वाट्याला काही येत नाही याबद्दल खंत लिहिली. ती खंत कायद्यात उतरायला २०१२ उजाडलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले. तेव्हापासून गीतकाराला आणि संगीतकाराला आपला स्वामित्वधनाचा समान वाटा कुणालाही लिहून देता येत नाही, सोडूनही देता येत नाही. वारसाला देता येतो किंवा कॉपीराइट संस्थेकडे वसुलीसाठी सोपवता येतो. चित्रपटगृहात सिनेमासोबत गाणं वाजतं तेवढा वापर याला अपवाद. सिनेमाबाहेरच्या गाण्यालाही हाच नियम आहे. ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असं कुणी लिहून घेतलं, तरी तो वाटा जात नाही. माझ्या मते आपल्याकडच्या संगीतकारांना मिळालेलं हे सर्वांत मोठं संरक्षण आहे, आणि सोलापूर-लातूर-नांदेडच्या स्टुडिओंमध्ये त्याची चर्चा जवळजवळ होत नाही.

मामा: वाचलंय मी ते. आता त्याच कायद्याचं दुसरं पान उघड. धार्मिक समारंभात गाणं वाजवलं तर परवानगी लागत नाही. सरकारी समारंभात लागत नाही. आणि धार्मिक समारंभात लग्नाची वरातही धरलीय. बरोबर?

भाची: बरोबर.

मामा: मग सोलापुरात गाणं वाजतं कुठं? यात्रेत, वरातीत, आरतीला. जिथं आपलं गाणं सगळ्यात जास्त वाजतं, नेमकं तिथंच कायद्यानं सूट दिलीय. कोकणातल्या हॉटेलात तुझं गड्ड्याचं गाणं कोण लावणार? मला तुझा हक्क मान्य आहे गं. पण त्या हक्काला सोलापुरात गिऱ्हाईक नाही.

मला वाटतं, सगळ्या वादात मामांचा हा वार सर्वांत खोल जातो. संस्थेचं सदस्यत्व घ्या, कृतींची नोंद करा, पैसे येत राहतील, असं तरुणांना सांगणारे बरेच भेटतात. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून आहे. २०१७ साली नव्यानं नोंदणी झाल्यावर तिचा कारभार सुधारला, हेही खरं. पण ती पैसे गोळा करते रेडिओ, दूरचित्रवाणी, मोबाइलवरची ॲप्स, हॉटेलं, तिकिटाचे कार्यक्रम यांच्याकडून. यात्रेचा कर्णा आणि वरातीचा बँड तिच्या हिशेबात येत नाहीत. जिल्ह्यातल्या संगीतकाराचं सगळ्यात लोकप्रिय गाणं त्याला सगळ्यात कमी देऊन जातं.

भाची: म्हणून मी गड्ड्याचं गाणं ठोक पैशातच करते. तिथं तुमचंच ऐकते. पण त्या गाण्याचं ध्वनिमुद्रण कुणाचं, हे मी आधी ठरवते. कायद्यात ध्वनिमुद्रणाचा मालक तो, ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते करवलं. देवस्थान स्टुडिओचं भाडं देतं, वादकांचे पैसे देतं, तर मुद्रण त्यांचं आणि चाल माझी. मी माझ्या पैशानं केलं, तर दोन्ही माझं. स्वतंत्र संगीतकार म्हणजे माझ्या लेखी एवढंच, की यातलं कुठलं गाणं कुठल्या खात्यात जातंय हे मला गाणं सुरू व्हायच्या आधी माहीत पाहिजे.

मामा: आणि तुझ्या खात्यातली गाणी तुला किती देतात?

भाची: थोडे. फार थोडे.

मामा: थोडे म्हणजे मोबाइलचं बिल. स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केला, बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याला काही नाही. यूट्यूबच्या जाहिरातीचा वाटा पाहिजे तर १,००० सदस्य आणि वर्षात ४,००० तास बघणारे पाहिजेत. आणि ती ॲप्स राहतात का? रेसो बंद झालं, विंक बंद झालं, दोन्ही एकाच वर्षात.

भाची: होय की. ॲपवर घर चालतं असं मी कधी म्हटलंच नाही.

ॲपची गोष्ट इथेच संपते. नव्या पिढीतले कितीतरी जण गाणं ‘टाकलं’ की कामाला सुरुवात झाली असं मानतात आणि सहा महिन्यांनी खचतात. भाची त्यांच्यातली नाही, एवढं पुरे.

मामा: मग एक सांग. बार्शीच्या अमर शेखांनी असा हिशेब ठेवला असता, तर संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत लोकांनी त्यांची गाणी तोंडपाठ म्हटली असती? शाहिराचं गाणं लोकांचं होतं म्हणून गाजलं. तुमची पिढी गाण्याला कुलूप लावायला निघालीय.

भाची: मामा, लोकांनी म्हणायला माझी ना नाही. म्हणावं, शाळेत म्हणावं, मोर्च्यात म्हणावं. पण फुकट देण्यासाठीही ते आधी माझं असावं लागतं. अमर शेखांनी दिलं ते त्यांचं होतं. माझं गाणं कंपनीच्या नावावर असेल, तर शाळेच्या पोरांनी ते म्हटलेला व्हिडिओ यूट्यूबवरून कंपनी उतरवेल, आणि मला ते थांबवता येणार नाही.

मामा थोडा वेळ गप्प राहिले, असं मला इथे लिहावंसं वाटतं. कारण या उत्तराला प्रत्युत्तर मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही. मालकी आणि उदारपणा एकमेकांच्या विरोधात आहेत, हा समज आपल्याकडे खोलवर आहे. कलावंतानं पैशाबद्दल बोलू नये, हिशेब मागू नये, या संस्कारातूनच तो आला आहे. त्याचा फायदा कलावंताला कधी झाला नाही.

मामा: बरं, गाव सोडायचं नाही. पण गावात राहून तुझ्या चालीत वेगळं काय असणार? यूट्यूबवर सगळे तेच ताल वापरतात, तेच तयार नमुने.

भाची: माझ्या गल्लीत या. सकाळी शेजारची आजी तेलुगूत गुणगुणत असते. नवरात्रात बायका बतुकम्माभोवती फेर धरतात, त्याची टाळी आपल्या फुगडीच्या टाळीपेक्षा वेगळी पडते. सिद्धेश्वराच्या देवळात कानडी वचनं ऐकू येतात. विजापूर वेशीकडं गेलं की कव्वाली. राम जोशींनी मराठीत लिहिलं, संस्कृतात लिहिलं, कानडीही मिसळली. ते पंडित होते म्हणून असेल, पण या गावात एका भाषेत राहणं अवघडच आहे. माझं गेल्या वर्षीचं एक गाणं मी तेलुगूतही केलं. वाद्यांचं मुद्रण तेच, गायिका दुसरी. एका चालीची दोन गाणी झाली. पुण्यात हे मला सुचलं असतं?

मामा: सुचलं नसतं. हे खरं बोललीस.

भाची: आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय. दुसऱ्या गावच्या चादरीला सोलापुरी म्हणता येत नाही. लेझमाच्या आपल्या ठेक्याला, नंदीध्वजाच्या चालीला असं काही नाही. तो ठेका कुणीही उचलावा, त्यावर माझा दावा नाही, तो सगळ्यांचा आहे. पण त्या ठेक्यावर मी बांधलेले सूर माझे आहेत. ही रेघ मला नीट ओढता आली पाहिजे, नाहीतर मीच गावाचं उचलून माझं म्हणते असं होईल.

ही रेघ ओढणं कायद्यापेक्षा कठीण आहे. पारंपरिक चालीवर चार नवे सूर चढवून ‘संगीत’ म्हणून आपलं नाव लावणं महाराष्ट्रात सर्रास चालतं आणि मोठ्या नावांनीही ते केलं आहे. स्वतःच्या हक्काबद्दल इतक्या जागरूक पिढीनं गावच्या वारशाबद्दलही तितकंच जागरूक राहावं, अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

मामा: कागद कसा करतेस, दाखव.

भाची: एक पान आहे. गाण्याचं नाव, कुणासाठी, किती पैसे, अर्धे आधी. चाल माझी, शब्द गीतकाराचे. मंडळाला मिरवणुकीत आणि त्यांच्या स्वतःच्या व्हिडिओत वापरायची परवानगी. मुदत पाच वर्षं.

मामा: पाचच का?

भाची: हक्क देताना मुदत लिहिलीच नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. हद्द लिहिली नाही तर भारत धरतो. आणि कागदच नसेल तर हक्क दिला असं होतच नाही, लेखी लागतं. म्हणून तुमचं विचारते. ऐंशीच्या दशकात तुम्ही त्या कॅसेट कंपनीला देवीची गाणी दिलीत. लिहून काय दिलंत?

मामा: व्हाउचरवर सही केली.

भाची: त्यावर काय होतं?

मामा: पैशाचा आकडा बघितला. बाकी इंग्रजीत होतं.

भाची: चाल कुठं लिहिली होती?

मामा: कशाला लिहीन? गायकाला बसवून शिकवली.

भाची: म्हणजे त्या काळच्या कायद्याला ती चाल दिसतच नव्हती. आणि विकत घेणाऱ्याला मात्र स्वच्छ ऐकू येत होती. मग तुम्ही त्यांना नेमकं काय विकलंत?

मामा: माझी रात्र विकली. सकाळी आठला मुंबईची गाडी होती, त्याच्या आत आठ गाणी बसवायची होती. आता तू म्हणशील ते परत मागा. मी मागणार नाही. त्या पैशातून तुझ्या आईचं लग्न झालं. मला तो व्यवहार फसवणूक वाटत नाही.

भाची: मागू नका. पण गाऊन दाखवा, मी स्वरलिपी करून ठेवते. नोंद करू. संगीतकार म्हणून तुमचं नाव लागेल. कॅसेटवर ते नव्हतंच.

मामांच्या पिढीबद्दल मला आदर आहे तो इथे. त्यांनी हातावर पैसे घेतले कारण घराला ते हवे होते. त्या निर्णयाला अडाणीपणा म्हणणं हा अन्याय आहे. तरीही एक गोष्ट राहते. कॅसेटवर नाव छापायला एक पैसाही लागत नव्हता, आणि तरी शेकडो कॅसेटांवर चाल देणाऱ्याचं नाव नाही. पैशाचा व्यवहार राजीखुशीचा होता असं मानलं, तरी नाव गाळण्याला कुणी राजी झालं नव्हतं.

मामा: नोंद करणार असशील तर नीट कर. त्या आठातल्या तीन गाण्यांत मुखड्याआधी हलगी जे वाजते, ते मी सांगितलेलं नाही. मोडनिंबकडचा एक हलगीवाला होता, त्यानं ते जागच्या जागी काढलं, आणि मग त्यावर मी चाल फिरवली. त्याला त्या दिवसाचे पैसे मिळाले. बस.

भाची: कायद्यानं संगीतकार तुम्हीच. तो वादक. वादकालाही आता व्यापारी वापरात वाटा आहे, पण चालीत नाही.

मामा: कायद्यात नसेल. तुझ्या पानावर आहे का?

भाची: नाही.

मामा: तुझ्या आताच्या गाण्यात संबळ कोण वाजवतो?

भाची: एक मुलगा येतो, अक्कलकोट रस्त्याचा.

मामा: तो नुसतं तू सांगशील ते वाजवतो, की काही काढतो?

भाची: काढतो. बरंच काढतो.

मामा: मग त्याची एक ओळ घाल.

भाची: किती टक्के लिहू?

मामा: ते मला विचारू नकोस, त्याला विचार. आणि टक्के सांगण्याआधी हेही विचार, की त्याला टक्के पाहिजेत का रोख. घरी काय अडचण आहे ते तुला माहीत नाही. रोख म्हणाला तर त्याच दिवशी दे, आणि नाव तरीही लिही.

भाची: आणि दोन्ही पाहिजे म्हणाला तर?

मामा: मग तो तुझ्यापेक्षा पुढचा आहे. दोन्ही दे.